न दिसलेल्या क्षयाचा हिशेब

जपानमधल्या कामिओका गावाजवळ, डोंगराखाली सुमारे एक किलोमीटर खोल, ५०,००० टन शुद्ध पाण्याची एक टाकी आहे. सुपर-कामिओकांडे तिचं नाव. १९९६ पासून ही टाकी, इतर कामं करता करता, एका घटनेवर डोळा ठेवून आहे. पाण्यातला एखादा प्रोटॉन आपला आपण मोडावा, त्यातून एक पॉझिट्रॉन आणि एक पायॉन निघावा आणि त्यांच्या प्रकाशाची कडी भिंतीवरच्या हजारो प्रकाशनलिकांना दिसावी, अशी ती घटना. ती अजून दिसलेली नाही. २०२० साली तिथल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की या वाटेनं प्रोटॉन मोडत असलाच, तर त्याचं सरासरी आयुष्य २.४ गुणिले १ वर ३४ शून्यं इतक्या वर्षांहून जास्त असलं पाहिजे. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे. त्याला १ वर १० शून्यं पुरतात.

या न दिसण्याच्या जोरावर निसर्गातली तीन बलं एकत्र गुंफणारे काही देखणे सिद्धांत बाद झाले, असं आपण वाचतो. माझं म्हणणं असं आहे, की टाकीनं एकटीनं कोणालाही बाद केलेलं नाही. टाकी आणि सिद्धांत यांच्या मध्ये एक आकडा उभा असतो. तो आकडा मोजता येत नाही, गणितानंच काढावा लागतो, आणि तो काढणं इतकं अवघड होतं की भरवशाचं उत्तर यायला २०२२ साल उजाडलं. प्रयोगाच्या नकाराला अर्थ त्या आकड्यानं दिला. आपल्याकडे विज्ञानाचं कौतुक होतं तेव्हा खाणींचं होतं, यंत्रांचं होतं, महासंगणकाच्या वेगाचं होतं. या मधल्या आकड्यासाठी झिजणाऱ्या माणसांचं होत नाही. ही चूक आपल्याला महाग पडते.

मुंबईतल्या चेंबूरमध्ये हा विषय काढला की एक हरकत हमखास येते, आणि ती जाणकाराची हरकत असते. इथून ट्रॉम्बे जवळ. ४ ऑगस्ट १९५६ ला ‘अप्सरा’ अणुभट्टी तिथे सुरू झाली, अणुशक्तीनगरची वसाहत उभी राहिली, पुढे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आलं. इथल्या सोसायट्यांतून भाभा अणुसंशोधन केंद्रात (बीएआरसीत) हयात काढलेली माणसं सहज भेटतात. क्षय म्हणजे काय, अर्धायुष्य म्हणजे काय, हे त्यांना समजावावं लागत नाही. उलट तेच विचारतात: ‘‘काउंटरवर शून्य आलं, तरी सोर्सची ताकद जास्तीत जास्त किती असू शकते हे सांगता येतं. त्याला पाटी-पेन्सिल पुरते. मध्ये महासंगणक कशाला आणता?’’

त्यांचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. एक टन पाण्यात साधारण ३.३ गुणिले १ वर २९ शून्यं इतके प्रोटॉन असतात. सुपर-कामिओकांडेनं २०२० पर्यंत एकूण ४,५०,००० टन-वर्षं इतकी पाहणी केली होती. म्हणजे १.५ गुणिले १ वर ३५ शून्यं इतकी प्रोटॉन-वर्षं. प्रोटॉन मोडलाच तर ती घटना ओळखू येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. आणि एकही घटना दिसली नाही, तर अशा घटनांची खरी सरासरी २.३ पेक्षा जास्त नसावी असं ९० टक्के खात्रीनं म्हणता येतं. गुणाकार-भागाकार करा, वरची मर्यादा जवळपास तशीच हातात येते. हे खरोखरच पाटी-पेन्सिलीचं काम आहे.

पण हे झालं प्रोटॉनचं आयुष्य. त्यावरून सिद्धांताचं काय करायचं, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. त्यासाठी आधी कोलारला जायला हवं, कारण या कथेतलं आपलं पान तिथे आहे.

कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) बी. व्ही. श्रीकंठन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथे विश्वकिरण मोजायला उतरले होते. १९६५ साली त्याच खाणीत वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो पहिल्यांदा टिपले गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतला गट आणि आपला गट, दोघांनी एकाच वर्षी. पुढे १९८० मध्ये, सुमारे २,३०० मीटर खोलीवर, टीआयएफआर आणि जपानच्या ओसाका व टोकियोच्या शास्त्रज्ञांनी मिळून खास प्रोटॉनच्या क्षयासाठी उपकरण उभारलं. एम. जी. के. मेनन, श्रीकंठन, व्ही. एस. नरसिंहम, साबुरो मियाके ही त्यातली नावं. केवळ याच कामासाठी उभारलेल्या जगातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी हा एक.

उपकरण कसं होतं ते बघण्यासारखं आहे. लोखंडी चौकोनी नळ्या, छेद १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर, आत वायू आणि मधून तार. अशा सुमारे १,६०० नळ्या एकावर एक ३४ थरांत रचलेल्या. एक थर उभा तर पुढचा आडवा, म्हणजे कण गेला की दोन्ही बाजूंनी त्याचा माग निघावा. थरांच्या मध्ये लोखंडी पत्रे. एकूण वजन १४० टन. हे सगळं लोखंड एकाच वेळी निरीक्षकही होतं आणि निरीक्षणाचा विषयही, कारण मोडायचा तो प्रोटॉन त्याच लोखंडातला. जमिनीवर आपल्या तळहातातून साधारण सेकंदाला विश्वकिरणांतला एक म्यूऑन आरपार जातो. तिथे खाली, एवढ्या मोठ्या उपकरणातून दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इतकी शांतता त्या काळी फार थोड्या प्रयोगशाळांना मिळाली होती.

१४० टन लोखंडात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून सुमारे ८.४ गुणिले १ वर ३१ शून्यं. आयुष्य १ वर ३१ शून्यं इतकी वर्षं असेल, तर कागदावर वर्षाला आठेक घटना. हाती लागण्याजोगा आकडा होता. १९८१ साली कोलारच्या गटानं काही ‘उमेदवार’ घटना जाहीर केल्या: उपकरणाच्या आतच सुरू होऊन आतच संपणाऱ्या, प्रोटॉन मोडल्यासारख्या दिसणाऱ्या. जगभर खळबळ उडाली. मग अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीत ८,००० टन पाण्याचा आयएमबी प्रयोग सुरू झाला. १९८३ पर्यंत त्यांना काहीच दिसलं नाही, आणि त्यांच्याकडे पदार्थ कितीतरी जास्त होता. कोलारच्या घटना हळूहळू न्यूट्रिनोंच्या खात्यात जमा धरल्या गेल्या.

कोलारच्या मंडळींबद्दल मला अपार आदर आहे. त्यांनी घाई केली, असं म्हणणारे त्या काळची स्थिती विसरतात. जॉर्जाय आणि ग्लॅशो यांचा, तीन बलं एकत्र गुंफणारा १९७४ चा एसयू-५ सिद्धांत प्रोटॉनचं आयुष्य १ वर ३० शून्यांच्या आसपास सांगत होता, तेही एखाद-दोन शून्यं इकडे-तिकडे. हे ‘इकडे-तिकडे’ म्हणजे शंभर पटींचा फरक. अशा भविष्यवाणीसमोर उभं राहून कोणता प्रयोग ‘मी सिद्धांत खोडला’ असं छातीठोकपणे म्हणू शकेल? आयएमबीचं उत्तर पुरेसं स्पष्ट होतं म्हणून निभावलं.

शंभर पटींचा हा फरक येतो कुठून? क्षयाचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो. एक, प्रोटॉन मोडणारं नवं बल किती जोरकस आणि त्याचा वाहक कण किती जड. वेग त्या वस्तुमानाच्या चौथ्या घातानं घटतो. वस्तुमान दुप्पट तर आयुष्य सोळा पट. ही सिद्धांताची बाजू. दुसरी गोष्ट म्हणजे, प्रोटॉनच्या आतले तीन क्वार्क त्या बलाच्या तावडीत सापडतील इतके एका जागी येण्याची, आणि उरलेल्या पसाऱ्यातून नेमका एक पायॉन बाहेर पडण्याची शक्यता किती. ही प्रोटॉनची बाजू. या क्षेत्रातले लोक तिला मॅट्रिक्स एलिमेंट म्हणतात. मी मधला आकडा म्हणतो आहे. वेग या आकड्याच्या वर्गावर चालतो, त्यामुळे त्यात दहा पटींची शंका असेल, तर आयुष्यात शंभर पटींची. १९८० च्या दशकात वेगवेगळ्या ढोबळ प्रतिमानांनी या आकड्याशी जोडलेल्या एका स्थिरांकाची किंमत ०.००३ पासून ०.०३ पर्यंत कुठेही काढली होती (एकक गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा घन). बरोबर दहा पट.

आता कोणी म्हणेल, प्रोटॉन तर आपण शंभर वर्षांपासून ओळखतो, त्याच्या आत काय चाललंय हे काढायला एवढा त्रास का? कारण प्रोटॉन ज्या क्वार्कांचा बनला आहे म्हणतात, त्यांच्या वजनाची बेरीज प्रोटॉनच्या वजनाच्या एक टक्का भरते. प्रोटॉन ९३८ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, आणि तिन्ही क्वार्क मिळून नऊच्या आसपास. बाकी सगळी क्वार्कांना बांधणाऱ्या ग्लुऑनांची आणि त्या धुमाळीची ऊर्जा. आपल्या शरीराचं वजन म्हणजे बहुतांशी हीच ऊर्जा. बल इतकं तीव्र की भौतिकशास्त्रज्ञांची नेहमीची युक्ती, आधी बल नाही असं समजायचं आणि मग थोडं थोडं मिसळत जायचं, इथे चालतच नाही.

१९७४ साली, एसयू-५ आला त्याच वर्षी, केनेथ विल्सन यांनी दुसरी वाट दाखवली. अवकाश आणि काळ अखंड न धरता त्यांची चार मितींची जाळी करा. आपल्याकडची ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. चेंबूरमध्ये तमिळ घरांपुढच्या कोलममध्येही तीच रचना असते. ठिपक्यांवर क्वार्क, आणि ठिपके जोडणाऱ्या रेघांवर ग्लुऑन. प्रत्येक रेघेवर तीन बाय तीनचा एक मॅट्रिक्स, आठ संख्यांनी ठरणारा. आता रेघांची प्रत्येक शक्य मांडणी घ्यायची, निसर्गाच्या नियमानं तिला वजन द्यायचं आणि सगळ्यांची सरासरी काढायची. मांडण्या अगणित, म्हणून वजनदार मांडण्याच जास्त वेळा निवडल्या जातील अशा पद्धतीनं संगणकाकडून नमुने काढायचे. मायकेल क्रॉइट्झ यांनी १९८० च्या सुमारास ब्रूकहेवनमध्ये हे करून दाखवलं. त्याच दशकात प्रोटॉनच्या क्षयाचा मधला आकडा अशा जाळीवर काढण्याचे पहिले प्रयत्न झाले. जाळ्या लहान होत्या आणि बऱ्याच गोष्टी सोडून द्याव्या लागल्या होत्या.

गणित प्रत्यक्षात कसं चालतं ते थोडं जवळून पाहू. जाळीच्या एका टोकाला, एका क्षणी, तीन क्वार्क एकत्र ठेवायचे. त्या क्षणी तो शुद्ध प्रोटॉन नसतो. प्रोटॉन आणि त्याचे उत्तेजित, जड भाऊबंद सगळे मिसळलेले असतात. जाळीवर काळ काल्पनिक संख्येनं मोजतात, त्यामुळे जड अवस्था लवकर विरतात आणि थोडा काळ जाऊ दिला की खरा प्रोटॉन उरतो. मधल्या एका क्षणी क्षय घडवणारी क्रिया लावायची. शेवटच्या टोकाला पायॉन निघाला का ते पाहायचं. मग योग्य गुणोत्तर काढून आलेखावर ठेवायचं. थोडा वेळ दिला, तर जड अवस्थांची भेसळ राहते आणि बिंदू वाकडे येतात. जास्त वेळ दिला, तर बिंदू सरळ रेषेत यायला हवेत, पण तिथे गोंगाट इतका वाढतो की प्रत्येक बिंदूची अनिश्चिततेची दांडी आलेखाबाहेर जायला बघते. तीन क्वार्कांच्या कणाच्या बाबतीत हा गोंगाट काळाबरोबर घातांकानं वाढतो. नमुने चौपट केले तर अनिश्चितता जेमतेम निम्मी होते. मधे एक अरुंद पट्टा असतो, जिथे भेसळ बरीच ओसरली आहे आणि गोंगाट अजून माजलेला नाही. उत्तर त्या पट्ट्यातून वाचायचं. पट्टा एक घर डावीकडे घेतला की उत्तर थोडं बदलतं. उजवीकडे घेतला की पुन्हा बदलतं. प्रामाणिक गट दोन्ही करून बघतो, बदल किती झाला ते टिपतो आणि तो अनिश्चिततेत मिळवतो.

हे काम करणाऱ्या माणसाकडे दाखवायला काही नसतं. खाण नाही, टाकी नाही, फोटो काढावा असं काही नाही. असते ती एक किंमत आणि तिच्यापुढे कंसात आणखी एक किंमत. त्या कंसातल्या किमतीसाठी वर्षं जातात, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

तिचं मोल किती, हे २०१२ साली कळलं. ॲडम मार्टिन आणि गेर्बेन स्टावेंगा या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडला. क्वार्क खऱ्याइतके हलके असले, तर प्रोटॉनच्या भोवतीच्या पायॉनच्या आवरणामुळे मधला आकडा अतोनात आकसतो आणि क्षय कदाचित १ वर १० शून्यं इतक्या पटीनं मंदावतो, असं त्यांनी एका प्रतिमानातून दाखवलं. हे खरं असेल तर? एसयू-५ नं सांगितलेलं १ वर ३० शून्यांचं आयुष्य थेट १ वर ४० शून्यांवर जातं. मग आयएमबीनं काही बाद केलं नाही, सुपर-कामिओकांडेनंही नाही. मेलेला सिद्धांत उठून बसतो. तीस वर्षांचा सगळा नकार, हजारो टन पाणी, लोखंड, खाणी, यांना काहीही म्हणायचं नव्हतं असं ठरतं.

तोवरच्या जाळीवरच्या (लॅटिस) गणितांनी असं आकसणं दाखवलेलं नव्हतं. पण ती गणितं खऱ्यापेक्षा निदान दुप्पट जड पायॉन घेऊन केलेली होती, कारण हलके क्वार्क जाळीवर चालवायला संगणकाचा वेळ भयंकर लागतो. जड क्वार्कांवर गणित करून हलक्यांपर्यंत रेघ लांबवायची, असा रिवाज होता. मार्टिन-स्टावेंगांचा परिणाम मात्र नेमका हलक्या क्वार्कांपाशीच डोकं वर काढणारा. म्हणजे रेघ लांबवून तो कधीच दिसला नसता. पळवाट खरी होती, आणि ती कुठल्याही टाकीला बुजवता येण्यासारखी नव्हती. टाकी दुप्पट केली असती, दहापट केली असती, तरी नाही.

ती बुजवली २०२२ साली यू, आओकी, बॉइल, इझुबुची, सोनी आणि सिरित्सिन या सहा जणांनी. त्यांच्या जाळ्या फार प्रचंड नव्हत्या: एक २४ घनाची आणि काळाच्या दिशेनं ६४ घरांची, दुसरी ३२ घनाची आणि तशीच ६४ घरांची. दुसरीत सुमारे २१ लाख ठिपके. दोन ठिपक्यांमधलं अंतर ०.२ आणि ०.१४ फेमटोमीटर. मीटरचे १ वर १५ शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक म्हणजे फेमटोमीटर. महत्त्वाची गोष्ट ही, की क्वार्क खऱ्या वजनाचे घेतले. उत्तर जुन्या, जड क्वार्कांच्या गणितांशी बहुतांशी जुळलं. मधला आकडा आकसत नाही. ज्या स्थिरांकाला दहा पटींचा पसारा होता, तो ०.०१२६ च्या आसपास आला, अनिश्चितता नऊ टक्क्यांच्या घरात. त्या दिवशी पाण्याच्या टाकीत काही घडलं नाही, पण तिच्या जुन्या नकाराला अंगी बळ आलं.

यावर सिद्धांतवाद्यांची एक हरकत मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, वाहक कणाचं वस्तुमानच आपल्याला नीट माहीत नाही, आणि वेग त्याच्या चौथ्या घातानं बदलतो. मग मधल्या आकड्यातले नऊ टक्के कशाला उगाळता? आजच्या घडीला हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण गुणाकारातली एक संख्या धूसर आहे म्हणून दुसरी धूसर राहू द्यावी, हे तर्कात बसत नाही. शिवाय दोन्ही धूसर असताना कोणती किती धूसर हेच कळत नाही, आणि पळवाटा त्या धुक्यातूनच निघतात. २०१२ ची पळवाट तशीच निघाली होती. आज सिद्धांत आणि प्रयोग जुळले नाहीत, तर दोष प्रोटॉनच्या माथी मारता येणार नाही. तो नव्या बलाच्या बाजूलाच शोधावा लागेल.

आणि या सगळ्याचा उपयोग काय, हे विचारणाऱ्यांसाठी. मराठी वाचकाला पदार्थ कुठून आला हा प्रश्न जयंत नारळीकरांनी ओळखीचा करून दिला. हॉइल आणि नारळीकर यांच्या विश्वचित्रात पदार्थ नव्यानं निर्माण होतो. महास्फोटाचं चित्र वेगळं, पण त्यालाही हा प्रश्न चुकलेला नाही. आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ साली दाखवलं, की सुरुवातीला पदार्थ आणि प्रतिपदार्थ सारखे असतील आणि आज नुसता पदार्थ उरला असेल, तर प्रोटॉन-न्यूट्रॉनांची एकूण संख्या बदलू शकणाऱ्या घटना निसर्गात असायलाच हव्यात. प्रोटॉनचा क्षय ही त्याच जातीची घटना. मूळचे ओडिशाचे जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी १९७३ मध्ये प्रोटॉन अमर नसावा असं सुचवलं. प्रोटॉन फार लवकर मोडत नाही हे मात्र कोणतंही उपकरण नसताना सांगता येतं. त्याचं आयुष्य १ वर १६ शून्यं वर्षं असतं, तर सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सत्तर हजारांच्या आसपास प्रोटॉन फुटले असते आणि त्या किरणोत्सारातच आपण संपलो असतो. आपण आहोत, याला प्रोटॉनचं टिकणंही लागतं आणि कधीतरी त्याचा हिशेब मोडणंही लागतं. यापेक्षा आपल्या जवळचा प्रश्न भौतिकशास्त्रात क्वचितच असेल.

मग मुंबईचा यात वाटा काय? माणसांची आणि यंत्रांची परंपरा इथे कमी नाही. टीआयएफआरनं स्वतः बांधलेला टिफ्रॅक संगणक १९६० साली चालू झाला. १९९१ मध्ये पुण्यात सी-डॅकचा परम ८००० आला, आणि त्याच सुमारास ट्रॉम्बेत बीएआरसीनं ‘अनुपम’ हा समांतर संगणक उभारायला घेतला. लॅटिसवर काम करणारा टीआयएफआरमधला गट जुना आहे आणि जगात मानला जातो. क्वार्क-ग्लुऑनांचं अतितप्त द्रव्य आणि जड क्वार्कांचे कण यांवर तिथे महत्त्वाचं काम झालं आहे. प्रोटॉनच्या क्षयाचा आकडा मात्र जपान, अमेरिका आणि ब्रिटनच्या गटांनी काढला. ज्या देशानं यासाठी जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एकीत लोखंड रचलं, त्या देशानं नंतर हा धागा सोडला. कोलारचे प्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले आणि २००१ साली खाणच बंद झाली. तामिळनाडूत थेनीजवळ भूमिगत न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती. २०१५ साली केंद्रानं मंजुरी दिली, पण प्रकल्प विरोध आणि परवानग्यांच्या फेऱ्यात अडकला.

डोंगर पोखरण्याला स्थानिकांचा विरोध असेल तर तो ऐकलाच पाहिजे, असं माझं मत आहे. पण जाळीवरच्या गणिताला कोणाचा डोंगर लागत नाही. लागतो संगणकाचा वेळ, आणि त्याहून जास्त लागतात पाच-सात वर्षं एका आकड्यावर बसू शकणारी माणसं. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेसाठी ४,५०० कोटी रुपये ठरवले गेले. २६ सप्टेंबर २०२४ ला परम रुद्र मालिकेतले तीन संगणक राष्ट्राला अर्पण झाले; त्यांतला एक पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी आहे. बातम्यांत वेग आला, पेटाफ्लॉप आले. या यंत्रांवर कोणता आकडा निघाला आणि त्याच्या कंसात किती होतं, हे कोणी छापत नाही, कारण कोणी विचारत नाही. मानखुर्दच्या केंद्रात ऑलिम्पियाडसाठी येणारी मुलं देशातली अव्वल असतात. त्यांना उत्तर काढायला आपण उत्तम शिकवतो. त्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे काढायला शिकवण्यात मात्र आपण कमी पडतो. लॅटिससारख्या विषयात या दुसऱ्या कामातच माणसाची सगळी बुद्धी पणाला लागते.

आणि काम संपलेलं नाही. २०२२ च्या गणितात ठिपक्यांमधलं अंतर दोनच किमतींना घेतलं होतं. ते ०.१४ पेक्षा बारीक करून, शून्याकडे जाताना आकडा स्थिर राहतो का, हे पक्कं करायला हवं. प्रोटॉन दोन तुकड्यांत मोडेल असं धरून हिशेब झाला. तीन तुकड्यांत मोडला तर काय, हे जाळीवर काढणं बरंच अवघड आहे. शिवाय पाण्याच्या रेणूतल्या दहा प्रोटॉनांपैकी आठ ऑक्सिजनच्या अणुगर्भात असतात, आणि तिथे जन्मलेला पायॉन बाहेर पडण्याआधीच गिळला जाऊ शकतो. जपानमध्ये २,६०,००० टन पाण्याची हायपर-कामिओकांडे उभी राहते आहे. तिच्यात एखादी घटना पॉझिट्रॉन-पायॉनची दिसली आणि एखादी केऑन-न्यूट्रिनो या दुसऱ्या वाटेची, तर कोणता सिद्धांत जगतो आणि कोणता जातो हे त्या दोन वाटांच्या प्रमाणावरून ठरेल. तो निवाडा द्यायला दोन्ही वाटांचे मधले आकडे, त्यांच्या कंसांसकट, त्याआधी तयार असावे लागतील. घटना दिसल्यावर सुरुवात केली तर पुन्हा दहा-वीस वर्षं जातील. टीआयएफआरमध्ये या कामाला लागणारं ज्ञान आहे. ट्रॉम्बेतही समांतर संगणनाची जाण तीस वर्षांहून जुनी आहे. यातला एखादा आकडा मुंबईनं अंगावर घ्यावा, आणि त्यासाठी चार-पाच तरुणांना एक तप पुरेल इतकी निश्चिंती द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.